मालकाच्या रकान्यात नगरपालिका

१९७३ च्या जूनमध्ये मी सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून कामावर रुजू झालो. सातारा जिल्ह्यातली एक 'क' वर्ग नगरपालिका. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते त्या काळात आजूबाजूच्या बऱ्याच गावांत असंच होतं, एकट्या त्या गावावर बोट ठेवायचं नाही.

पहिल्या दिवशी कागदपत्रं देऊन बाहेर आलो तर सफाईचे मुकादम थांबलेले. म्हणाले, "साहेब, उद्या पहाटे पाचला हजेरी शेडवर या. गाव बघायचं तर मागनं बघायचं."

मागनं म्हणजे बोळातनं. जुन्या पेठेत वाड्यांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या, आणि मधे एक माणूस कसाबसा जाईल एवढा बोळ. प्रत्येक वाड्याच्या मागच्या भिंतीत जमिनीलगत एक चौकोनी भोक, त्यावर पत्र्याचं झाकण. झाकण उचललं की आत टोपली नाहीतर डबा. वर संडासाची बैठक. वाड्यातला माणूस पुढच्या बाजूने येऊन बसून जायचा, आणि रोज पहाटे बोळातून कुणीतरी येऊन ते उचलून न्यायचं.

त्या पहाटे ज्या उचलत होत्या त्यांना सगळे मावशी म्हणायचे, मीही पुढे तेच म्हणायला लागलो. पन्नाशीच्या असतील. मेहतर समाजातल्या. घरात हिंदी आणि मराठी मिसळून बोलायच्या. पदर नाकावरून आवळून बांधलेला, एका हातात पत्र्याचा तुकडा, दुसऱ्यात खराटा. झाकण वर करायचं, डबा ओढायचा, पाटीत पालथा करायचा, पत्र्याने खरवडायचा, मूठभर राख टाकायची, झाकण खाली. मी कंदील धरून उभा होतो. त्यांच्या डाव्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोऱ्याने बांधलेला होता. मी विचारलं हे काय. "झाकण कापतं," म्हणाल्या. पत्र्याची कड गंजून करवतीसारखी झाली होती. एका वाड्याची नाही, जवळजवळ सगळ्यांचीच. वर्षानुवर्षं त्या कडेखाली हात घालणाऱ्या बाईने स्वतःच शोधून काढलेला इलाज तो.

पाटी भरली की डोक्यावर. जूनचा पाऊस सुरू झाला होता. पाटीतून गळणारं पाणी मानेवरून खांद्यावर उतरत होतं. बोळाच्या तोंडाशी गाडा उभा, तिथे पाटी रिकामी करून परत आत. डोक्यावरून मैला वाहणं बंद करा हे मुंबई सरकारने १९४९ साली नेमलेल्या बर्वे समितीपासून सांगितलं जात होतं. केंद्राच्या मलकानी समितीचा अहवालही १९६० सालचा. आमच्या आवारात ढकलगाड्या होत्याही, नव्याकोऱ्या वाटाव्यात अशा. मी मुकादमांना विचारलं, या का वापरत नाही? ते मला एका बोळाच्या तोंडाशी घेऊन गेले आणि गाडी आडवी लावून दाखवली. गाडीची रुंदी बोळापेक्षा चार बोटं जास्त होती. ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांनी बोळ पाहिलेला नव्हता, इतकी साधी गोष्ट. डोक्यावरची पाटी चालू राहिली ती त्या चार बोटांपायी.

आता थोडं मागे जातो. या कामाचं शिक्षण मी मुंबईत घेतलं होतं, अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वर्षाच्या पदविकेला. ट्रॅपच्या आणि मॅनहोलच्या आकृत्या, विहिरीला कठडा किती उंच, संडासापासून विहीर किमान ५० फूट लांब, खोलीच्या जमिनीच्या एक पंचमांश तरी खिडक्या हव्यात, असं सगळं पाठ. फील्डवर नेत. देवनारचा कत्तलखाना तेव्हा नुकताच सुरू झालेला, तो पाहिला. गोठे, पिठाच्या गिरण्या, सोडावॉटरचे कारखाने पाहिले. पण माझ्या मनात बसलं ते एक कोष्टक. खोली ११० चौरस फूट किंवा जास्त असेल तर दोन माणसं. ९० ते ११० असेल तर दीड. ७० ते ९० ला एक. ५० ते ७० ला अर्धा. ५० च्या खाली कुणीच नाही. दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरायचं आणि वर्षाच्या आतलं बाळ मोजायचंच नाही. इंग्लंडच्या १९३५ च्या गृहनिर्माण कायद्यात ही मापं आहेत, तिथून ती आमच्या पुस्तकात आलेली.

हे कोष्टक घेऊन आम्ही लालबागच्या एका चाळीत गेलो. दहा बाय बाराची खोली, म्हणजे १२० चौरस फूट. कोष्टकाने दोन माणसं. आत घरचे सहा आणि गिरणीत जाणारे पाच खानावळीवाले. ते पाळीपाळीने झोपायचे, पहिल्या पाळीचा उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीचा आडवा. माझ्या सोबत्याने वहीत 'जादा माणसे ९' असं लिहिलं. आमचे सर ते बघून म्हणाले, "लिहिलंस ते बरोबर आहे. आता या नऊ जणांना कुठे पाठवायचं तेही लिही." सोबत्याची पेन्सिल तिथेच थांबली. सरांनी आम्हाला चिडवायला ते म्हटलं नव्हतं. घर तपासायला जाणाऱ्याने आधी हा प्रश्न पोटात घालून जावं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. गेली पन्नास वर्षं तो माझ्या पोटात आहे.

आणखी एक शिदोरी घरची होती. माझी आजी मूळची पुण्याची. १८९७ च्या प्लेगात ती आठ-नऊ वर्षांची होती. रँडसाहेबाच्या कमिटीने गोऱ्या शिपायांकडून घरझडत्या घेतल्या, त्यातली एक तिच्या वाड्याची. ती सांगायची की शिपाई बुटांसकट देवघरात शिरले, अंथरुणं-पांघरुणं अंगणात टाकून पेटवली, आणि तिच्या काकांना काखेत गाठ आहे का बघायला सगळ्यांसमोर उघडं केलं. गाठ नव्हती, तरी नेलं. रँडवर गोळी चालली ती तारीख, २२ जून, तिला पाठ होती. मुंबईत तर त्या काळात राहायला नालायक ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर इंग्रजीत यू. एच. एच. ही तीन अक्षरं रंगवत. कौलं काढून आत ऊन घेत, भिंतींना चुना मारत. ऊन आणि चुना वाईट नव्हतेच. पण ज्या पद्धतीने ते घरात आले त्याची दहशत दोन पिढ्या पुरली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्चला प्लेगने गेल्या. आजी या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायची. घरात कोण येतंय आणि कशासाठी येतंय, हे ती त्यातून मला शिकवत होती असं आता वाटतं.

त्यामुळे मी कुणाच्याही उंबऱ्यावर चप्पल काढल्याशिवाय पाय ठेवला नाही. पावसात, चिखलात, घाईतसुद्धा.

तपासणीचा छापील फॉर्म होता. घर नंबर, मालक, भोगवटादार, खोल्या, माणसं, खिडक्या, मोरी, सांडपाणी कुठे जातं, संडासाच्या बैठका किती आणि कुठल्या प्रकारच्या, पाणी कुठलं, जनावरं, आणि शेवटी शेरा. हातात फॉर्म घेऊन "मोरी दाखवा" म्हणत शिरलं की बायका दार अर्धं लोटून घ्यायच्या. मी दुसरी रीत धरली. ओसरीवर टेकायचं आणि प्यायला पाणी मागायचं. पाणी मागितलं की अर्धी तपासणी तिथेच होते. पाणी कुठे ठेवलंय, माठावर झाकण आहे का, ओगराळ्याने काढतात की पेला बुचकळतात, बुचकळताना बोटं किती आत जातात. ज्या घरात बोटं आत जायची त्या घरात मी ते पाणी पिऊन टाकायचो आणि मग ओगराळ्याचा विषय काढायचो. न पिता काढला असता तर घरच्या बाईने ऐकलं नसतं, आणि तिचं बरोबरच होतं.

मग रांजण. टॉर्चचा झोत टाकला की वळवळणारे किडे खाली पळायचे. "आजी, हे बघा, हेच मोठे होऊन तुम्हाला रात्री चावतात." बहुतेकांना हे ठाऊक नसायचं. डास गटारीत होतात एवढंच माहीत. स्वतःच्या घरच्या स्वच्छ पाण्यात होतात म्हटल्यावर लोक स्वतः टॉर्च मागून घेऊन बघायचे, शेजारणीला हाक मारायचे. त्या एका झोताने जे काम झालं ते कुठल्याही नोटिशीने झालं नाही. भिंतीवर तळहात टेकवून ओल बघायची, मोरीचं पाणी भिंतीमागे कुठे उतरतं त्याचा माग काढायचा, हे नंतर.

देवी निर्मूलनाच्या शोधमोहिमेतही आम्हाला जुंपलं होतं. 'देवीचा रोगी कळवा आणि १००० रुपये मिळवा' हे भिंतीभिंतींवर रंगवलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना तो काळ आठवेल. देवी आलेल्या बाळाचं चित्र असलेलं कार्ड घेऊन दारोदार जायचं आणि असं कुणी पाहिलंय का विचारायचं. आमच्याकडे निघाल्या त्या सगळ्या कांजिण्या. पण त्या निमित्ताने गावातलं प्रत्येक घर आतून पाहिलं गेलं. प्रत्येक म्हणजे माझ्या यादीतलं प्रत्येक. यादीत काय नव्हतं ते पुढे कळलं.

१९७४ च्या सप्टेंबरमध्ये गावात हगवण-उलटीची साथ आली. पहिले रोगी एकाच वाड्यातले. चौकात विहीर, सभोवती भाडेकरूंची अकरा बिऱ्हाडं, मागे दोन बैठकांचा टोपलीचा संडास. मी मोजपट्टी लावली. संडासाची भिंत विहिरीपासून २२ फूट. कठडा गुडघ्याएवढा, चौथरा फुटलेला, आणि धुण्याचं पाणी फटीतून परत विहिरीतच जात होतं. विहिरीचा व्यास दोन मीटर, दोरीला गाठी मारून मोजलं तर पाणी चार मीटर. म्हणजे साडेबारा हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने सुमारे ३१ ग्रॅम ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीने विहिरीत सोडून खालीवर ढवळायची, आणि तासभर कुणालाही पाणी भरू द्यायचं नाही. वाड्यातली पोरं कठड्याभोवती गोळा झाली होती. त्यांच्यापैकी दोघांच्या घरी माणूस दवाखान्यात होता.

मालक पुण्याला, इथे दिवाणजी भाडं गोळा करायचे. मालकांना बोलावून घेतलं. आले, सभ्यपणे बोलले. म्हणाले, "सहा रुपये, आठ रुपये भाडं. तुमच्याच कायद्याने गोठवलेलं. त्यात मी संडास बांधू का कौलं शाकारू?" यात तथ्य होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर धरली होती. लढाईनंतरच्या आणि फाळणीच्या दिवसांत भाडेकरूंना त्याने वाचवलं हे खरं, पण पुढे पंचवीस-तीस वर्षं तेच भाडं राहिल्यावर वाडे मालकांच्या मनातून उतरले. मला त्यांची अडचण कळत होती. पण मग ते हळूच म्हणाले, "तुम्ही असं का करत नाही, अख्खा वाडाच राहण्यास अयोग्य म्हणून लिहून द्या. प्रश्नच मिटेल." अकरा बिऱ्हाडं रस्त्यावर आली की त्यांचा प्रश्न मिटणार होता. सरांचे लालबागचे शब्द कानात वाजले. मी म्हटलं, वाडा पडायला झालेला नाही. विहिरीचा कठडा, चौथरा आणि संडास एवढंच सदोष आहे, तेवढंच लिहिणार. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. वरून दोन-तीनदा दडपण आलं. मी शेरा बदलला नाही, याचं मला आजही समाधान आहे.

नोटिशीची रीत अशी. दोन प्रती, एक बजावायची आणि दुसरीवर पोहोच घ्यायची. घेतली नाही तर दोन पंचांसमक्ष दारावर डकवायची. मुदत, मग स्मरणपत्र, मग कोर्ट. कोर्टात दंड व्हायचा तो बांधकामाच्या खर्चापुढे किरकोळ. त्यामुळे ज्याला करायचं नाही तो दंड भरून मोकळा व्हायचा, आणि ज्याच्याकडे दंडालाही पैसे नाहीत तो गरीब घरमालक घाबरून कर्ज काढून गटार बांधायचा. हे मला पहिल्या वर्षातच दिसलं. म्हणून मी नोटिशीचा कागद शेवटी काढायचो. त्या वाड्याचा कठडा शेवटी भाडेकरूंनी वर्गणी काढून बांधला, गवंडी त्यांच्यातलाच होता. विहिरीवर 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी लावली त्याचा मात्र त्यांना राग आला. नळ दिवसातून तासभर यायचा. बारमाही विहिरीचं पाणी बंद करून तासाच्या नळावर लोटणारा मी कोण, असं एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले. मी नळाची वेळ वाढवून घ्यायला चार महिने खटपट केली तेव्हा कुठे त्यांनी माझा नमस्कार घेतला.

त्याच साथीत एका पहाटे मावशी हजेरीला आल्या नाहीत. त्या कधी खाडा करत नसत. मुकादम म्हणाले, नात आजारी आहे, सरकारी दवाखान्यात सलाइनवर. मी विचारलं, राहतात कुठे? आणि विचारताना जाणवलं की सव्वा वर्षात मी एकदाही तिकडे गेलो नव्हतो. माझ्या घरयादीत ती वस्तीच नव्हती. घरपट्टीच्या वहीवरून यादी केली होती, आणि नगरपालिकेच्या स्वतःच्या इमारतींना घरपट्टी नसते.

दुपारी गेलो. गावाबाहेर, कंपोस्ट डेपोला लागून, दोन ओळींत चौदा खोल्या. दहा बाय दहा. वर पत्रा, मागच्या भिंतीला खिडकी नाही. पावसाचं पाणी डेपोच्या चढावरून खोल्यांच्या दारापर्यंत येत होतं. एक नळ होता, गावातल्या पाइपच्या अगदी टोकाचा, त्याखाली खड्डा खणून त्यात हंडा ठेवला तर धार लागायची. म्हणजे नळाचं तोंड चिखलाच्या पातळीला. मावशींच्या खोलीत सात माणसं. त्यांच्या सुनेने मला पाणी दिलं. तांब्या लखलखीत घासलेला, वर फुलपात्र पालथं, आणि पाणी ओगराळ्याने काढलेलं. गावातल्या कित्येक वाड्यांत मी हे सांगून दमलो होतो.

मी विचारलं, संडास कुठे आहे?

सून सासऱ्यांकडे बघायला लागली. ते म्हणाले, "साहेब, इथं कुठला संडास. बाया काळोखात ओढ्याला जातात."

सबंध गावाचे संडास रोज उचलणाऱ्या माणसांना स्वतःचा संडास नव्हता. मी बाहेर येऊन एका दगडावर बसलो आणि पिशवीतून फॉर्म काढला. तोच छापील फॉर्म. खोली १०० चौरस फूट, कोष्टकाप्रमाणे दीड माणूस. प्रत्यक्ष राहणारी माणसं सात. खिडकी नाही. सांडपाण्याची सोय नाही. संडासाच्या बैठका, शून्य. आणि मालकाच्या रकान्यात लिहिलं, नगरपालिका. चौदा खोल्यांचे चौदा फॉर्म भरले. अक्षर मुद्दाम सुवाच्य काढलं.

ते घेऊन वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी दोन-तीन फॉर्म चाळले आणि म्हणाले, "आता नोटीस मीच काढायची आणि मलाच बजावायची? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, साहेब, नोटीस काढू नका. पण दुसऱ्याच्या वाड्यात हे असतं तर आपण काढली असती. एवढे कागद आवक करून घ्या. ते काही बोलले नाहीत. मी खाली आवक-जावकच्या टेबलाशी गेलो. तिथले कारकून वयस्क, शांत गृहस्थ. त्यांनी पहिला फॉर्म वाचला, चष्मा पुसला, आणि एकामागून एक चौदा शिक्के मारले, चौदा वेगवेगळे आवक क्रमांक घातले. "एकच क्रमांक दिला तर एकच कागद हरवावा लागेल," म्हणाले. ज्याने कचेरीत काम केलंय त्याला कळेल की त्या गृहस्थांनी त्या दिवशी केवढं मोठं काम केलं.

पुढे विषय सभेपुढे यायला वर्ष गेलं. टिपणीत मी एक मुद्दा घातला होता. डेपोतल्या सोनखताचा, म्हणजे मैल्यापासून झालेल्या खताचा, दर वर्षी लिलाव व्हायचा, उसाचे बागायतदार बोली लावायचे, आणि ती रक्कम नगरपालिकेच्या तिजोरीत जायची. हे खत ज्यांच्या डोक्यावरून येतं त्यांच्या वस्तीत त्यातल्याच पैशांतून नळ आणि संडास करावा, एवढीच माझी मागणी. सभेत एक सभासद म्हणाले, "ते आधीपासून तसेच राहतायत, त्यांची तक्रार कुठे आहे?" मी सभेत बोलू शकत नव्हतो, भिंतीलगत फाइल धरून उभा होतो. उत्तर दिलं ते एका दुकानदार सभासदाने, ज्यांच्याशी माझं कधी पटलं नव्हतं. ते म्हणाले, "तक्रार त्यांची नाही हे खरं. पण नळाच्या वरच्या टोकाला आपण पितो आणि खालच्या टोकाला ते पितात. साथ कुठल्या टोकाने येईल ते कुणी सांगावं?" हा मुद्दा भीतीचा होता, न्यायाचा नव्हता, आणि मला तो टोचला. पण ठराव त्यानेच झाला.

संडास कसला बांधायचा यावर मात्र मी हट्ट धरला. टोपलीचा बांधू द्यायचा नाही. त्यांनीच त्यांचा उचलायचा, यापेक्षा क्रूर काही असूच शकत नव्हतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सोप्या, कमी खर्चाच्या संडासांचं जे काम करून ठेवलं होतं त्याची माहिती मी मागवून घेतली. अप्पा १९७१ मध्येच गेले होते. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी भंगीकाम स्वतःला करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं, आणि येरवड्यातून गांधीजींनी त्यांना साथ म्हणून अन्न सोडलं होतं. ही हकीकत मी आमच्या गवंड्याला सांगितली. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "मग खड्डे नीट बांधले पाहिजेत." उताराचं भांडं, खाली दोन सेंटिमीटर पाण्याचा पडदा धरणारा ट्रॅप, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होणारा. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा, तोवर पहिल्यातलं कोरडं, वास नसलेलं खत होऊन बाहेर काढता येतं. कुणाच्या डोक्यावर काही चढत नाही. चार बैठका, दोन बायकांच्या, दोन पुरुषांच्या. पुढे गावातले टोपलीचे संडास बदलायला घेतले तेव्हा लोकांना नमुना दाखवायला मी याच वस्तीत आणायचो. बोळातली शेवटची टोपली जायला १९८० नंतरचीही काही वर्षं लागली, आणि देशभरासाठी बंदीचा कायदा तर १९९३ चा. तोवर मावशी निवृत्त झाल्या होत्या.

नवा नळ १९७६ च्या मार्चमध्ये आला. जमिनीपासून तीन फूट उंच, खाली सिमेंटचा चौथरा, पाणी वाहून जायला पन्हळ. पुढाऱ्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि गेले. मी पाण्यातलं क्लोरिन तपासायच्या औषधाची, ओ.टी.ची, बाटली आणि काचेची नळी काढली. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले आणि थांबलो. क्लोरिन असेल तर पिवळा रंग येतो. आला नाही. पुन्हा नळी विसळून केलं. नाहीच. मावशी शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, औषध इथवर पोचत नाही. आजचं पाणी उकळून घ्या.

दुसऱ्या दिवशी फिटरला घेऊन टाकीपासून पाइप तपासत निघालो. तालमीच्या मागे जुनी पाइप गटारीच्या आतून नेलेली, आणि सांध्यावर सुतळी गुंडाळलेली. दाब कमी झाला की गटारीचं पाणी आत ओढलं जात असणार. मुकादमांनी स्वतः गटारीत उतरून माती काढली. सांधा बदलला, पाइप गटारीवरून उचलून घेतली, टाकीतला डोस वाढवला, आणि रात्री लाइन धुऊन काढली.

तिसऱ्या दिवशी पहाटे मावशींची हजेरी होण्याआधी वस्तीवर गेलो. नळी भरली, थेंब टाकले. फिकट पिवळा रंग आला. मावशींनी नळी माझ्या हातातून घेतली, तोंडावरचा पदर सोडला, आणि उजेडाकडे धरून नातीला दाखवली.